पत्र्याच्या डब्याचे बारा हजार?

प्रश्न : मुलगा स्वतःचा गेमिंग कॉम्प्युटर जुळवतो आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा खर्च समजू शकतो, पण त्याने निवडलेले कॅबिनेटच बारा हजारांचे आहे. दुकानदार तीन हजारांतही तसेच दिसणारे देतो, शिवाय त्यात पंखे आणि दिवे जास्त. शेवटी पत्र्याचा डबाच ना? गेम खेळणाऱ्यांसाठी त्यात वेगळे असे काय असते?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : डबाच आहे, मान्य. कॅबिनेट कितीही भारी घेतले तरी त्याने गेमचा वेग वाढत नाही. वाईट घेतले तर मात्र वेग कमी होऊ शकतो. म्हणून कॅबिनेट पारखताना एकच गोष्ट धरून ठेवायची : यातून हवा किती आणि कशी खेळते?

कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. दणकट कार्ड आणि प्रोसेसर मिळून गेम चालू असताना ५०० वॅट घेतात, यात नवल नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या एकट्या कार्डालाच ४५० वॅट लागू शकतात. आता हिशेब करू. ५०० वॅटची उष्णता हवेने वाहून न्यायची, आणि आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर दर मिनिटाला साधारण अडीच घनमीटर हवा डब्यातून जायला हवी. म्हणजे दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा अकरा-बारा मिनिटांत त्या डब्यातून फिरली पाहिजे. हवा निम्मीच मिळाली, तर वाढ १० अंशांऐवजी २० अंशांची. नागपूरच्या मे महिन्यात खोलीतच ३८ अंश असतील, तर कार्डाच्या वाट्याला काय येईल ते बघा. तापमान मर्यादेपर्यंत गेले की प्रोसेसर आणि कार्ड जळू नयेत म्हणून स्वतःच वेग उतरवतात. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे. मुलगा तेव्हा म्हणणार, ‘गेम अडकतोय’.

१२० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्यावर मिनिटाला दीड ते दोन घनमीटर हवा ढकलतो. पण ‘मोकळ्यावर’. त्याच्यासमोर बंद काच लावली आणि हवेला कडेच्या बोटभर फटीतून आत यायला लावले, की हा आकडा घसरतो. तीन हजारांच्या डब्यात पुढे तीन रंगीत पंखे असतात ते नेमके अशा काचेमागे. दिसतात छान, ओढायला हवाच नसते. अशा तीन पंख्यांपेक्षा जाळीमागचे दोन बरे.

हे काही नवे ज्ञान नाही. अँटेकचे नाइन हंड्रेड २००६ साली आले, तेव्हा त्याचे तोंड जवळजवळ सगळे जाळीचे होते आणि वर २०० मिलिमीटरचा पंखा होता. कूलर मास्टरने तर आपल्या मालिकेचे नावच ‘हाय एअर फ्लो’वरून ‘हाफ’ ठेवले. पुढे सपाट, बंद तोंडाची आणि काचेची फॅशन आली, कार्डे तापू लागली, आणि फ्रॅक्टल डिझाइनच्या मेशिफाय सीसारख्या कॅबिनेटांनी जाळी परत आणली. दुकानात पुढचे पॅनेल काढायला सांगा आणि मोबाइलची टॉर्च त्यामागे धरा. उजेड सर्वभर आरपार आला तर पुढची बोलणी करायची.

पंख्यांच्या वायरीही बघा. पुष्कळ स्वस्त कॅबिनेटांत पंखे थेट पॉवर सप्लायला जोडलेले असतात, म्हणजे मेल वाचतानाही पूर्ण वेगाने घरघरणार. मदरबोर्डला जोडता येणारे चार पिनांचे पंखे गरजेप्रमाणे वेग बदलतात. दिव्यांबाबत माझे मत विचाराल तर मला त्यांचा त्रास नाही, पैसे त्यांच्यासाठी जातात याचा आहे.

मापांत फसगत होते ती अशी. खोक्यावर लिहिलेले असते : ३६० मिलिमीटरपर्यंतचे कार्ड बसेल. पण पाण्याने थंड करणारा रेडिएटर पुढे लावला, तर त्याचे साधारण २७ आणि पंख्याचे २५ मिलिमीटर वजा होतात. उरले ३०८. आजची बरीच मोठी कार्डे ३३० च्या वर जातात. हवेचा मोठा कूलर घेणार असाल तर उंची मोजा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ एकटाच १६५ मिलिमीटर उंच आहे. मदरबोर्डची मात्र फार चिंता नको. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मानकामुळे त्याची स्क्रूची भोके ठरलेली आहेत.

तुमच्याकडची धूळ लक्षात घेता पुढे, खाली आणि असल्यास वर, निघणारी आणि धुता येणारी गाळणी असलीच पाहिजे. बाहेर टाकणाऱ्या पंख्यांपेक्षा आत ओढणारे जरा जास्त ठेवा. मग डब्यातला दाब किंचित वाढतो आणि हवा फटींतून न शिरता गाळणीतूनच येते. उन्हाळ्यात कूलरच्या गार हवेचा फायदा कॉम्प्युटरलाही होतो, फक्त तुषार उडतील असा तो थेट समोर नको.

डबा निर्धोक असतोच असेही धरू नका. एनझेडएक्सटीच्या एच१ या छोट्या कॅबिनेटमध्ये कार्डाची जोडपट्टी बसवणाऱ्या स्क्रूमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका निघाला आणि २०२१ साली अमेरिकेत ते परत मागवावे लागले.

तर बारा हजार द्यावेत का? जाड, न थरथरणारा पत्रा, मागे वायरी लपवायला दोन-अडीच सेंटिमीटर जागा, बरी गाळणी आणि शांत पंखे यांना पैसे पडतात. पण हे सगळे मधल्या किमतीच्या जाळीदार कॅबिनेटांतही मिळते. मुलाच्या निवडीत पुढे जाळी असेल तर फार घासाघीस करू नका. पुढे काच असेल तर तिथेच थांबवा आणि वाचलेले पैसे कार्डात घालू द्या.

बाजूची काच बहुतेक सगळ्यांना असतेच, ती काढायला स्क्रू सोडवाल तेव्हा ती गादीवर आडवी ठेवा. टफन केलेली काच मधोमध चांगला मार सोसते, पण कडेने सिरॅमिक फरशीला नुसती टेकली तरी क्षणात चुरा होऊ शकते.