वंशावळीत न सापडणाऱ्या स्त्रिया

मराठवाड्याचा मध्ययुगीन इतिहास वाचताना आपण राजे, किल्ले व लढाया यांची यादी पाठ करतो. घराणे चालते ते पुरुषांच्या नावावर, असा आपला समज असतो. तो कितपत खरा आहे?

आपला प्रदेश ज्यांच्या राज्यात होता, त्या कल्याणीच्या चालुक्यांचेच उदाहरण घेऊ. नांदेड जिल्ह्यातील होट्टलची देवळे याच काळाची साक्ष देतात. दुसऱ्या जयसिंहाची बहीण अक्कादेवी ही किसुकाड प्रांताचा कारभार पाहत होती. इ. स. १०४७ मध्ये तिने गोकागेच्या किल्ल्याला वेढा दिल्याची नोंद शिलालेखात आहे. म्हणजे राजकन्या ही केवळ सोयरिकीचे साधन नव्हती. कुळाची सत्ता राखण्याचा भार तिच्यावरही टाकला जाई.

पुढे सतराव्या शतकात माहूरचे उदाराम घराणे पुढे आले. उदारामाने निजामशाहीतून मोगलांकडे जाऊन मनसब मिळवली. देशमुखी वतन वंशपरंपरेने चाले. कर्ता पुरुष गेला की भाऊबंद व दरबार या दोघांपासूनही ते सांभाळावे लागे. या घराण्यातील एका स्त्रीने ते सांभाळले, फौजेचे नेतृत्व केले आणि मोगल दरबाराकडून ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण, ही पदवी मिळवली. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, तेव्हा ती त्या फौजेत होती. शरण जाऊन सैन्य वाचवावे, हा सल्ला तिनेच खानाला दिल्याचे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त वर्णन आहे. ती स्वराज्याच्या विरुद्ध बाजूला होती, हे खरे. पण म्हणून तिची राजनीती कमी ठरत नाही. हट्टापेक्षा माणसांचे प्राण मोलाचे, हे तिने त्या कोंडीत ओळखले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान प्रदेशात नार्बोनचा अधिपती ११३४ मध्ये लढाईत पडला. त्याची अल्पवयीन मुलगी एर्मेंगार्द वारस ठरली आणि ११९२ पर्यंत तिने राज्य केले. तिने करार केले, न्यायनिवाडे केले, मोहिमांत भाग घेतला. तिला मूल नव्हते, म्हणून सत्ता भाच्याकडे गेली.

दोन्ही समाजांत स्त्रीला अधिकार मिळाला तो प्रामुख्याने कुळाच्या गरजेपोटी. वारस नसला किंवा लहान असला की दार उघडे. गरज संपली की ते पुन्हा बंद. एक फरक मात्र मनाला लागतो. एर्मेंगार्दचे नाव तिच्या सनदांत राहिले. आपली माहूरकरीण इतिहासाला मुख्यतः पदवीनेच ठाऊक आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गावातल्या जुन्या वाड्यांत वंशावळी असतील. त्या पाहाल तेव्हा दोन पुरुषांच्या नावांमधील मोकळी जागाही नीट पाहा. घराणे कोणी तगवले, याचे उत्तर पुष्कळदा तेथेच असते.