पडद्यावरील मजकूर : वेळ आणि मांडणी

तोंडी हिशेबाच्या तासाला उदाहरणे एकामागून एक द्यावयाची व मध्ये विचारास अवकाश ठेवावयाचा, ही शिक्षकांची नित्याची रीत आहे. तेच काम संगणकाकडून करवून घेताना एक अडचण हमखास उद्भवते. पायथन भाषेत ‘प्रिंट’ या आज्ञेने मजकूर उमटतो व ‘स्लीप’ने कार्यक्रम सांगितलेले सेकंद थांबतो. एकाच ओळीत दहा अंक सेकंदासेकंदाने दिसावेत म्हणून प्रत्येक ‘प्रिंट’नंतर आपोआप पडणारी नवी ओळ ‘एंड’च्या योगे काढून टाकली, की बहुधा पडदा दहा सेकंद कोराच राहतो आणि शेवटी सर्व अंक एकदम प्रकट होतात. सावकाश विचार करणाऱ्या मुलाच्या वाट्याला मग काहीच वेळ उरत नाही.

यात यंत्राचा बिघाड नाही. एकेक अक्षर तत्काळ पोचविण्यात श्रम फार. म्हणून मजकूर प्रथम ‘बफर’ नावाच्या तात्पुरत्या साठ्यात जमतो. टपालवाला एकेका पत्रासाठी वेगळी खेप घालीत नाही, तसेच हे होय. पडद्यावर लिहिताना हा साठा सामान्यतः ओळ पुरी होताच रिकामा होतो. फाईलीत लिहिताना तो भरेपर्यंत थांबतो. वरील उदाहरणात ओळच पुरी झाली नव्हती. ‘प्रिंट’च्या कंसात ‘फ्लश’ची किंमत ‘ट्रू’ अशी द्यावी, म्हणजे प्रत्येक अंक वेळच्या वेळी दिसतो. पायथनसोबत येणाऱ्या ‘आयडल’मध्ये ही अडचण जाणवत नाही; त्यामुळे तेथे तपासलेला कार्यक्रम वर्गात दुसऱ्या खिडकीत चालविताना अडतो. तो आदल्या दिवशी त्याच खिडकीत चालवून पाहावा हे बरे.

मांडणीसाठी पाढ्यांचा तक्ता उत्तम. २ ते १० च्या पाढ्यांत सर्वांत मोठी संख्या १०० असल्याने प्रत्येक संख्येस चार घरे द्यावीत. संख्या आपोआप उजवीकडे सरकतात व एककाखाली एकक येतो.

मुलांची नावे व गुण छापताना मात्र सावध असावे. ‘मराठी’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. संगणक काने-वेलांट्या वेगळ्या धरून पाच मोजतो. त्या हिशेबाने तो मोकळी घरे कमी सोडतो व स्तंभ वाकडे होतात. म्हणून गुण आधी छापावेत आणि नाव ओळीच्या शेवटी घ्यावे.