श्रामणेर शिबिराला मुलगा पाठविताना



वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की विहारांच्या फलकांवर श्रामणेर शिबिरांच्या सूचना लागतात. कुठे सात दिवसांचे शिबिर, कुठे दहा, कुठे पंधरा. बहुधा बुद्धपौर्णिमेच्या आगेमागे. त्या दिवसांत आमच्याकडे पालक येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : फॉर्म कुठे मिळेल? मुलाचे वय पुरेसे आहे का, रात्री त्याच्याजवळ कोण असेल, मुळात त्याला जायचे आहे का, हे प्रश्न क्वचितच निघतात. त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी हा लेख आहे.

विद्यार्थ्यांसाठी थोडी माहिती प्रथम देतो. श्रामणेर म्हणजे भिक्खुसंघातील शिकाऊ. मुलाचे मुंडण होते, तो चीवर धारण करतो आणि भिक्खूंकडून त्रिशरण व दहा शीले घेतो. आपण नेहमी म्हणतो त्या पंचशीलातील तिसरे शील येथे ब्रह्मचर्याचे होते. त्याशिवाय दुपारी बारानंतर न जेवणे, नाचगाणी व तमाशे टाळणे, माळा-सुगंध न वापरणे, उंच व ऐसपैस बिछान्यावर न निजणे आणि सोने-चांदी, म्हणजे पैसे, न स्वीकारणे ही पाच शीले वाढतात. ब्रह्मदेश व थायलंडमध्ये मुलांना काही दिवसांपुरते श्रामणेर करण्याची प्रथा जुनी आहे. आपल्याकडे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ती रुजली आणि उन्हाळी सुटीशी जोडली गेली.

मुलाला संघात पाठवावे की नाही, हा विचार करणारे आपण पहिले पालक नव्हेत. विनयपिटकातील महावग्गात राजगृहाच्या सतरा मुलांची हकीकत आहे. त्यांच्यात उपाली नावाचा मुलगा पुढारी होता. (न्हावी कुळातले थेर उपाली ते वेगळे.) आपल्यामागे ह्याचे कसे होईल, ही त्याच्या आईबापांना काळजी. लिहिणे शिकवावे तर बोटे दुखतील, हिशेब शिकवावा तर छाती दुखेल, नाणी पारखायला लावावे तर डोळे जातील. मग त्यांना वाटले की हे शाक्यपुत्रीय श्रमण बरे आहेत, चांगले जेवतात आणि निवाऱ्याला झोपतात. उपालीने हे ऐकले, सवंगड्यांना सांगितले, सगळ्यांनी घरून परवानगी आणली आणि भिक्खूंनी त्यांना प्रव्रज्या व उपसंपदा देऊन टाकली. पहाट होण्यापूर्वीच मुले उठून रडू लागली. कोणाला पेज हवी, कोणाला भात. उजाडेपर्यंत थांबा म्हटले तरी ऐकेनात, आणि अंथरुणेही खराब केली. भगवंतांनी तो आवाज ऐकला, चौकशी केली, आणि दोष दिला तो मुलांना नव्हे, भिक्खूंना दिला. वीस वर्षांखालच्याला उपसंपदा देऊ नये हा नियम तेथून आला. कारणही स्पष्ट सांगितले आहे : एवढ्या लहानांना थंडी, ऊन, भूक, तहान, डास, सरपटणारे प्राणी, कोणाचे टाकून बोलणे आणि दुखणी सोसत नाहीत. आजच्या शिबिराच्या अडचणींची यादी करायला बसलो तरी याहून फार वेगळी होणार नाही.

या हकीकतीत आईबापांची परवानगी होती आणि मुलांची हौसही होती. तरीही सगळे बिघडले, कारण मुलांना हे झेपेल का, हे कोणी पाहिले नाही. पुढे श्रामणेर होण्यासाठी पंधरा वर्षांची मर्यादा आली. नंतर साथीच्या रोगाने एका कुटुंबातील फक्त दोन मुले उरली, तेव्हा तिला एक सवलत मिळाली : मूल कावळे हाकलण्याइतके जाणते असेल तर पंधराच्या आतही चालेल. आम्हाला हे माप फार आवडते. जन्मदाखल्यापेक्षा ते शहाणे आहे. जो मुलगा स्वतःचे ताट धुतो, रात्री एकटा उठून लघवीला जातो, पोटात दुखले तर परक्या माणसाला सांगू शकतो, तो कावळे हाकलणारा समजावा. यातले काहीच न करणारा अकरा वर्षांचा असला तरी एक वर्ष थांबावे.

राहुलाची प्रव्रज्या सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी दुःख झाले ते आजोबांना, शुद्धोदनाला. सिद्धार्थ गेला, नंद गेला, आता नातूही गेला. त्याने भगवंतांकडे एवढेच मागितले की यापुढे आईबापांच्या अनुमतीवाचून कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये, आणि भगवंतांनी ते मान्य केले. आज शिबिराच्या फॉर्मवर पालकाची सही असते ती या परंपरेतली आहे. आमचे म्हणणे असे की त्याच फॉर्मवर खाली मुलाचीही सही असावी, आणि ती करण्यापूर्वी मुंडण होणार, संध्याकाळचे जेवण नाही, मोबाइल नाही, हे त्याला घरी सांगितलेले असावे. वस्तीत आपले नाव व्हावे म्हणून आठवीतल्या मुलाला मनाविरुद्ध चीवर नेसविणारे पालक आम्ही पाहतो. असा मुलगा पुढे विहाराची पायरी चढताना दहादा विचार करतो.

शिबिर निवडताना स्वतः जाऊन जागा पाहावी. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या मंडपात दुपारी मुले बसवायची असतील तर ते शिबिर आपल्याला नको. पाण्याची टाकी, संडास किती, जवळचे सरकारी रुग्णालय किती अंतरावर, आणि किती मुलांमागे किती मोठी माणसे, हे विचारावे. बारानंतर अन्न नाही याचा अर्थ पाणीही नाही असा काही ठिकाणी लावला जातो, तो चुकीचा आहे. विनयात गाळलेल्या पेयांना परवानगी आहे; आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष यांच्या पेयांचा तेथे नावानिशी उल्लेख येतो. तेव्हा लिंबाचे सरबत किंवा गाळलेले पन्हे संध्याकाळी खुशाल द्यावे. जुलाब झाले तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण स्वयंसेवकांना पाठ हवे.

रात्रीची व्यवस्था हा सर्वांत नाजूक विषय, आणि आपल्या सभांमध्ये त्यावर कोणी बोलत नाही. मुले कोणाच्या देखरेखीखाली झोपतात? एकच प्रौढ आहे की किमान दोन? एखाद्या मुलाला एकट्याने कोणाच्या खोलीत सेवेला बोलावले जाते का? चीवराचा आदर आम्हालाही आहे, परंतु चीवर पाहून हे प्रश्न गिळू नयेत. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा विहारालाही लागू आहे. नको असलेला स्पर्श झाला तर ओरडायचे, आणि कोणी गुपित ठेवायला सांगितले तर ते घरी आधी सांगायचे, हे मुलाला निघण्यापूर्वी साध्या शब्दांत सांगावे. १०९८ हा क्रमांक त्याला पाठ असावा. या चौकशीने जो आयोजक रागावतो, त्याच्याकडे मुलगा पाठवू नये.

आता सिकलसेलविषयी. विदर्भात हा आजार आदिवासी समाजाप्रमाणे आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि पालकांना पुष्कळदा त्याचा पत्ता नसतो. शरीरातले पाणी कमी होणे, कडक ऊन, अतिश्रम यांनी पीडित मुलाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणजे शिबिरातल्या नेमक्या त्याच गोष्टी. सरकारी रुग्णालयात रक्ताची तपासणी होते. फॉर्म भरण्यापूर्वी ती करून घ्यावी. केवळ वाहक असलेला मुलगा सहसा ठणठणीत असतो. त्याला पाणी भरपूर द्यावे आणि कष्टाच्या वेळी लक्ष ठेवावे. मात्र आजार असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुळीच पाठवू नये. त्याने सकाळच्या वंदनेला यावे, देशना ऐकावी, घरी जाऊन पोटभर जेवावे. दमा, फिट्स किंवा मधुमेह असेल तर तेही लपवू नये. लपविण्याचे कारण बहुधा "नाव कापतील" हे असते; कापले तर कापू द्यावे.

भिक्षाटनाबद्दल घरातील वडीलधाऱ्यांची एक जुनी वेदना असते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, उष्टे घेणे सोडा, असे सांगितले. ज्या घरांनी भाकरी मागणे त्या काळी टाकले, त्या घरातला आजोबा विचारतो, "आम्ही सोडलं ते नातवानं पुन्हा धरायचं का?" या प्रश्नाला हसू नये. हाच प्रश्न शुद्धोदनाने कपिलवस्तूच्या रस्त्यावर भगवंतांना विचारला होता : आपल्या क्षत्रिय कुळात असे कोणी केलेले नाही. भगवंतांनी उत्तर दिले की हे बुद्धांचे कुळ आहे. फरक डोळ्यांनी दिसतो. श्रामणेर दारात मुकाट उभा राहतो, मागत नाही, निवडत नाही, आणि देणारा त्याला वंदन करून ताजे अन्न वाढतो. पूर्वी उंबऱ्याबाहेरून भाकरी टाकली जात असे. आजोबांना एकदा भिक्षाटनाच्या सकाळी वस्तीत उभे करावे; आम्ही समजावण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडते.

घरची तयारी महिनाभर आधी सुरू करावी. आठवड्यातून एक दिवस रात्री जेवायचे नाही, फक्त सरबत. मुलाबरोबर घरातील एका मोठ्यानेही ते पाळावे. एक-दोन रात्री मामाकडे किंवा काकांकडे आईशिवाय काढाव्यात. त्रिशरण-पंचशील पाठ असते, पण अर्थ विचारला तर मुले गप्प बसतात. तो रोज एका ओळीचा सांगावा. सामान थोडेच लागते : दोन साधे कपडे, टॉवेल, चादर, साबण, पाण्याची बाटली, टॉर्च आणि चालू औषधे चिठ्ठीसह.

मुलींचे काय, असे आया विचारतात आणि बरोबर विचारतात. बहुतेक शिबिरे मुलांपुरती असतात. महाप्रजापती गौतमी आणि संघमित्रा यांची नावे भाषणात घेणाऱ्यांनी मुलींसाठी महिला शिक्षिकांच्या देखरेखीखाली निवासी वर्ग ठेवायला हवेत, आणि त्यात पाळीच्या दिवसांची सोय गृहीत धरायला हवी. तोवर विपश्यना केंद्रांतर्फे होणारी एक ते तीन दिवसांची आनापान शिबिरे मुलांना व मुलींनाही खुली असतात. पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या लहान मुलासाठीही आम्ही दहा दिवसांऐवजी हेच आधी सुचवितो.

चीवर परत करून, पुन्हा पंचशील घेऊन मुलगा घरी येतो. पहिले काही दिवस तो पहाटे उठतो, रात्री ताटाकडे पाहत नाही, राहू द्यावे. पाहुण्यांसमोर उभे करून सुत्ते म्हणायला लावू नये. तेथे काय आवडले, काय नाही, हे निवांतपणे विचारावे, आणि पुढच्या वर्षी जाणार नाही म्हणाला तर कारण ऐकून घ्यावे. अशी कारणे लिहिण्यासाठी संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. शिबिर संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी पालकांनी मुलाला घेऊन यावे; पुढील वर्षी कोणते शिबिर कोणाला सुचवायचे, हे आम्ही त्या वहीवरून ठरवितो.