फडके रोडवरचं गाणं आणि अडीच फ्रेमचा घोळ

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड तरुणाईने फुलून जातो. म्युझिक व्हिडिओच्या प्रोजेक्टला असा झकास सेट फुकटात कुठे मिळणार? पण आधी थोडं गणित.

समजा, कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेम टिपतो आणि गाण्याची लय मिनिटाला 100 ठोके आहे. म्हणजे एका ठोक्याला बरोबर 15 फ्रेम. कट याच हिशोबाने बसवायचे.

आता आवाज. तो सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि गायक 34 मीटरवर असेल तर त्याला गाणं 0.1 सेकंद उशिरा ऐकू येतं. पडद्यावर ओठ अडीच फ्रेम मागे पडतात! म्हणून स्पीकर गायकाजवळ ठेवा. पहिल्या ठोक्याला त्याने टाळी वाजवावी. एडिटिंग करताना ती दिसणारी टाळी मूळ गाण्यातल्या ठोक्याशी जुळवा.

परीक्षण करताना एकदा आवाज बंद करून बघा, गोष्ट कळते का? मग आवाज लावून शेवटच्या कडव्यातले ओठ तपासा. आणि मार्क वाटताना गर्दीत स्पीकर घेऊन पळणाऱ्याला विसरू नका. तो पडद्यावर दिसत नाही, पण ओठ जुळतात ते त्याच्यामुळेच.