दीर्घिकांची टक्कर

मुलांनो, पावसाळा संपला की एखाद्या अंधाऱ्या रात्री आकाशाकडे पाहा. देवयानी तारकासमूहात एक अंधूक ठिपका दिसतो. इ. स. 964 च्या सुमारास अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी आपल्या ग्रंथात त्याला 'छोटा ढग' म्हटले. पण तो ढग नाही. ती अब्जावधी ताऱ्यांची दीर्घिका आहे. उर्दूत आपण तिला कहकशां म्हणतो.

कधी कधी दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतात. मग त्यांतील तारेही आदळत असतील, असे तुम्हांला वाटेल. पण तसे सहसा होत नाही. दोन ताऱ्यांमध्ये फार मोठे अंतर असते. त्यामुळे तारे एकमेकांच्या बाजूने निघून जातात. वायूचे ढग मात्र दूरवर पसरलेले असतात. ते आदळतात, दाबले जातात आणि त्यांतून नवे तारे जन्माला येतात.

हस्त तारकासमूहात अशा दोन दीर्घिका आहेत. विल्यम हर्शेल यांनी त्या 1785 मध्ये शोधल्या. गुरुत्वाकर्षणाच्या ओढीमुळे त्यांतून ताऱ्यांचे दोन लांब पट्टे बाहेर खेचले गेले आहेत. ते किड्याच्या मिशांसारखे दिसतात. म्हणून त्यांना 'अँटेना दीर्घिका' म्हणतात. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हबल दुर्बिणीच्या छायाचित्रात तेथे एक हजाराहून अधिक तरुण तारकागुच्छ दिसले.

पण ही भरभराट कायम टिकत नाही. काही वायू ताऱ्यांत खर्च होतो, काही ताऱ्यांच्या स्फोटांनी दूर फेकला जातो. वायू संपत आला की नव्या ताऱ्यांचा जन्मही मंदावतो.

सांगा पाहू : टक्करीत तारे वाचतात, मग ढग का आदळतात?