संशोधन : कपाटातले आणि बांधावरचे

(बी. ए., द्वितीय वर्ष)

'संशोधन' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि जाड भिंगाचा चष्मा लावलेले शास्त्रज्ञ उभे राहतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी काही संबंध असेल असे आपल्यापैकी फारच थोड्यांना वाटते. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून शासनाने एप्रिल २०२३ मध्ये जो निर्णय घेतला, त्यामुळे बी. ए. च्या द्वितीय वर्षाला क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाचे काम आले आहे. म्हणजे इच्छा असो वा नसो, काहीतरी शोधून काढण्याचे काम आता आपल्या वाट्याला आलेच आहे. प्रश्न एवढाच उरतो की ते कोणासाठी करायचे? प्रस्तुत लेखात मी या एकाच प्रश्नाचा विचार करणार आहे.

संशोधनाचे मूलभूत आणि उपयोजित असे दोन प्रकार आपल्याला शिकवले जातात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा तुरीचे उदाहरण घेऊ. तुरीचे उभे झाड एकाएकी का वाळते, कोणती बुरशी मुळातून शिरते, हा मूलभूत प्रश्न होय. मर आणि वांझ रोगाला दाद न देणारे आणि आपल्याकडील पावसात पदरात पडणारे वाण कोणते, हा उपयोजित प्रश्न होय. आपल्या जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बी. एस. एम. आर. ७३६ आणि बी. डी. एन. ७११ हे तुरीचे वाण दिले. ज्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही, त्या घरातही हे आकडे तोंडपाठ असतात. संशोधन उपयोजित झाले की नाही, याची याहून चांगली परीक्षा मला तरी सुचत नाही.

शिक्षणाची आणि कामधंद्याची सांगड घालावी हा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळेत वाचन, लेखन व हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही द्यावे अशी मागणी केली होती. तिकडे अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेती व यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांना सरकारी जमिनी मिळाल्या, १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रे जोडली गेली आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने ते ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. शिकवणे, शोधणे आणि पोहोचवणे ही तीन कामे एका छपराखाली यायला त्या धनाढ्य देशालाही अर्धशतक लागले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या देशात याच कल्पनेतून १९७४ साली पाँडिचेरीला पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. जालन्याजवळ खरपुडी येथील केंद्र मराठवाडा शेती साहाय्य मंडळ चालवते. पदवी न देणारी ही शाळाच म्हणायची. इथे शिकायला वयाची अट नाही आणि नवे वाण वा नवी पद्धत आधी शेतकऱ्याच्याच रानात करून पाहिली जाते. कडवंची गावातले पाणलोटाचे काम याच मंडळाच्या पुढाकाराने उभे राहिले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, पुढे द्राक्षबागा आल्या, शेततळी आली. आता त्यातूनच दुसरा प्रश्न निघाला आहे. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात पावसाचे पाणी किती आणि विहिरीतून उपसून भरलेले किती? उपसून वर आणलेल्या पाण्यापैकी किती उन्हाने उडून जाते? एका संशोधनाचे उत्तर हाच पुढच्या संशोधनाचा प्रश्न असतो. आणि हा प्रश्न मोजायला एक खुणा केलेली काठी व रोज नोंद ठेवणारा माणूस पुरेसा आहे.

"पण ही सगळी शेतीची आणि विज्ञानाची उदाहरणे झाली. आम्ही इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र शिकणारे काय करणार?" असे वर्गमैत्रिणी विचारतात. त्यांच्यासाठी दोन उदाहरणे देते. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे पुण्यातील फळांच्या बाजारपेठेची १९३३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी. बागेतून निघालेले फळ किती हातांतून जाते, हा विषय एका अर्थशास्त्रज्ञाला पुस्तक लिहिण्याइतका मोलाचा वाटला. आपण मात्र नव्या जालन्याच्या मोंढ्यावरून रोज येतो-जातो आणि 'बाजारपेठेचे प्रकार' पुस्तकातून पाठ करतो.

दुसरे उदाहरण इरावतीबाई कर्वे यांचे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्या आपल्याला ठाऊक असतात. परंतु कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली आणि ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? धरणाचे पाणी किती, वीज किती, याचे आकडे सरकारजवळ होतेच. उठलेल्या घरातली माणसे कुठे गेली, कशी बसली, याचा शोध मात्र कोणीतरी मुद्दाम घ्यावा लागतो. पुढे १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्याचे श्रेय एका पुस्तकाला देणे बरोबर होणार नाही, कारण त्यामागे लोकांचे लढे होते. पण लढणाऱ्याच्या हातात पुरावा लागतो, आणि असा पुरावा गोळा करणे हे समाजशास्त्राचे काम आहे, एवढे या उदाहरणावरून मी शिकले.

व्यवसाय शिक्षणात हा विचार सर्वांत पुढे नेला तो डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून आणि मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम करून या गृहस्थांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम काढला. शाळेत न टिकलेली मुले तिथे हाताने काम करत शिकली. वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, आणि जमिनीतल्या पाण्याचा विजेच्या उपकरणाने अंदाज घेणेसुद्धा! शिकता शिकता गावाला लागणारी सेवा द्यायची आणि त्या सेवेचे मोल घ्यायचे, असा तो रिवाज. म्हणजे विद्यार्थ्याने केलेली वस्तू गुण मिळाल्यावर फेकून दिली जात नाही, कोणीतरी ती वापरतो.

याच्या उलट अनुभव माझ्या घरातच आहे. माझा थोरला भाऊ फिटरचा कोर्स करत होता, तेव्हा आठवडाभर कानस घासून लोखंडाचा जॉब तयार करायचा, निदेशक तो मोजून गुण द्यायचे, आणि जॉब भंगारात जायचा. हात बसण्यासाठी ते आवश्यक आहे, हे मी नाकारत नाही. पण ज्या गावात भंगार वितळवून सळई करण्याचे इतके कारखाने आहेत, तिथे फिटर होणाऱ्या मुलाला एखाद्या कारखान्यातला नेहमी झिजणारा भाग घेऊन 'हा का झिजतो?' असे विचारले गेले असते तर? आमच्याही क्षेत्रप्रकल्पांची गत त्या जॉबसारखी होऊ शकते. 'महिला सबलीकरण : एक अभ्यास' असा विषय, कुठून तरी उतरवलेली प्रश्नावली, झाडाखाली बसून मैत्रिणींनीच भरलेले अर्ज, वर चकचकीत वेष्टन. तपासणी झाली की कपाटात. अशा तक्रारी सर्वत्र ऐकू येतात. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. एकेका प्राध्यापकाकडे इतक्या फायली असतील तर ते तरी किती बांधांवर जाणार?

शासनाने तंत्रशिक्षणापुरता एक मार्ग काढून पाहिला आहे. ग्रामीण भागाच्या प्रश्नांवर काम करण्यासाठी मुंबईच्या आय. आय. टी. त १९८५ साली एक वेगळे केंद्र स्थापन झाले. त्याच्या अनुभवावरून २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियान आले. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्याच जिल्ह्यातील पाणीपुरवठा, सिंचन यांसारखे प्रश्न अभ्यासायचे आणि निष्कर्ष प्रशासनापुढे ठेवायचे, अशी ती कल्पना. मला ती मनापासून पटते. मात्र असा मार्ग कला महाविद्यालयांनाही मोकळा हवा. नळाला पाणी किती दाबाने येते हे अभियंता मोजेल. पाणी यायच्या दिवशी मुलीची शाळा का बुडते, हे कोण मोजणार?

आता आपल्या जालन्याकडे वळते. कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवीन जालना, आणि दोन्हींचे नाव देशभर गेले ते बियाण्यामुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको कंपनी स्थापन केली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची 'पुसा सावनी' भेंडी त्यांनी त्याआधीच आपल्या शेतात वाढवून पाहिली होती. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संस्थेत झालेले संशोधन आणि शेतकऱ्याची गरज यांच्यामध्ये जी दरी असते ती एका माणसाच्या उद्योगाने कशी भरून निघते, याचे हे आपल्या दारातले उदाहरण आहे.

पण या धंद्याचे दुसरे टोक आमच्या गावात आहे. कोणा एका कंपनीविषयी मी बोलत नाही; सगळ्याच बीजोत्पादनाची ही रीत आहे. माझी आई हंगामात क्रॉसिंगच्या कामाला जाते. भेंडीची उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखायची, चिमट्याने आतले पुंकेसर अलगद काढायचे, मधल्या दांडीला इजा होऊ द्यायची नाही, कळी झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचे पराग तिला लावायचे आणि खूण बांधायची. जी फळे आपसूक धरली असतील ती शोधून तोडायची, नाहीतर बियात भेसळ होते. मी बारावीच्या पुस्तकातली या क्रियेची आकृती आईला दाखवली, तेव्हा ती हसून म्हणाली, "हे लिहिणारानं कधी चिमटा धरला होता का गं?" हे कसब तिला कोणत्याही शाळेने दिले नाही आणि त्याचे कोणतेही प्रमाणपत्र तिच्याजवळ नाही. मजुरीच्या हिशेबात ते निंदणी-खुरपणीच्या शेजारी बसते. अनुभवाने शिकलेल्या कामाला मान्यता देण्याची तरतूद २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. तशी मान्यता मिळाली तर रोजात फरक पडेल की नुसता कागद हाती येईल, हा व्यवसाय शिक्षणातल्या संशोधनाचा अस्सल विषय आहे.

आईचा स्वतःचा प्रश्न मात्र वेगळाच निघाला. तयार झालेले बी उगवणशक्तीसाठी तपासले जाते आणि नमुना पेरून झाडे शुद्ध निघतात का तेही पाहिले जाते. त्यात उतरले नाही तर प्लॉटवाल्याचे पैसे अडकतात. "बी फेल गेलं म्हणतेत, पण कामून गेलं ते कोणी सांगत नाही. मग सारे आमच्या हाताकडंच बघतेत," असे ती म्हणाली. क्षेत्रप्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मला याहून नेमका विषय कोणती सूची देणार होती?

म्हणून मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी हाच विषय घ्यायचे ठरवले आहे. गावातल्या काही प्लॉटांवर रोजची नोंदवही ठेवायची. किती बायका कामाला होत्या, त्यांत नवख्या किती, काम किती वाजता संपले, ऊन-पाऊस कसा होता, शेजारच्या रानात तेच पीक होते का, आपसूक धरलेली फळे कोणत्या दिवशी जास्त सापडली. त्याच वहीत आणखी एक रकाना असेल : शाळेच्या वयाच्या मुली किती होत्या. हा रकाना ठेवू नका, प्लॉटवाले चिडतील, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. मी स्वतः दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत या कामाला गेले आहे. तो रकाना राहील, पण त्यात कोणाचे नाव नसेल. आईनेही एक अट घातली आहे : लिहिलेले आधी बायकांपुढे वाचायचे, मग कॉलेजात द्यायचे.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. बी तयार होऊन, नमुना पेरून, निकाल लागेपर्यंत आमचे सत्र संपलेले असेल, गुणही मिळालेले असतील. वहीतल्या नोंदी आणि तपासणीचा निकाल शेजारी ठेवल्याशिवाय आईच्या प्रश्नाचे उत्तर निघणार नाही. तेव्हा विभागाने एक कायमची नोंदवही ग्रंथालयात ठेवावी, आमच्या नोंदी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवाव्यात आणि त्यांच्या प्रकल्पाचा पहिला भाग म्हणजे गावात जाऊन आमच्या प्लॉटांचा निकाल विचारून आणणे असा धरावा, अशी विनंती मी विभागप्रमुखांना लेखी दिली आहे. प्रथम वर्षातल्या ज्या मैत्रिणी खेड्यातून एस. टी. ने येतात, त्यांनी नावे आत्ताच कळवावीत; मिरचीचे प्लॉट लागले की नोंदी लगेच सुरू कराव्या लागतील.