पाच प्रश्नांचा कागद

न्यासाच्या धर्मार्थ दवाखान्यात रक्तदाब मोजतात, साखर पाहतात, वजनकाट्यावर उभे करतात. यांपैकी कशालाच रोगी लाजत नाही. उलट, 'माझं किती आलं?' म्हणून आवर्जून विचारतो. मनाला बसलेल्या धक्क्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही आणि रोगीही आपण होऊन सांगत नाही. महोत्सवी अंकासाठी आरोग्यविषयक एक पाठ लिहून द्यावा, अशी विश्वस्त मंडळींची सूचना आली, तेव्हा आम्ही दवाखाना समितीच्या सभासदांनी हाच विषय घ्यावयाचे ठरविले. एक लहानसा प्रश्नकागद आहे. तो भरण्यास दोन-तीन मिनिटे पुरतात. तो काय सांगतो, काय सांगत नाही आणि कोणाच्या हाती कसा द्यावा, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम आजाराविषयी थोडे. जिवावर बेतलेला प्रसंग अंगावरून गेला की काही दिवस झोप उडणे, दचकणे, तेच तेच डोळ्यांपुढे येणे हे स्वाभाविकच आहे. बहुतेकांच्या बाबतीत ते हळूहळू ओसरते. काहींच्या बाबतीत ते ओसरत नाही. महिना उलटतो, वर्ष उलटते, तरी मन त्याच घटकेला अडकून राहते. यालाच डॉक्टर पी.टी.एस.डी. म्हणतात. मराठीत 'आघातोत्तर तणाव विकार' असे भारदस्त नाव आहे, पण ते रोग्यापुढे उच्चारण्याची गरज नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हे निदान आपल्या अधिकृत यादीत १९८० साली घेतले. आजार अर्थातच त्याहून जुना. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात 'शेल शॉक' झालेल्या शिपायांची हकीकत छापली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे जी फौज वेढ्यात सापडली, तीत मराठा पलटणीही होत्या. एप्रिल १९१६ अखेर शरणागती झाली आणि उरलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. जे परतले त्यांच्या मनाची विचारपूस कोणी केली असेल, असे वाटत नाही.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव. येथे गल्लीगल्लीत निवृत्त सुभेदार, हवालदार राहतात. म्हणून हे मुद्दाम लिहिले. हा कागदही मूळचा शिपायांसाठीच झालेला आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यातील संशोधकांनी २००३ साली चार प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. आजाराची व्याख्या २०१३ साली सुधारली गेल्यावर तीत पाचवा प्रश्न घातला आणि २०१६ साली नवी चाचणी छापली. 'पी.सी.-पी.टी.एस.डी.-५' हे तिचे नाव. साध्या दवाखान्यात, जेथे मनोविकारतज्ज्ञ नसतो, तेथे वापरता यावी हाच तिचा हेतू आहे.

आरंभी एक दारावरचा प्रश्न आहे. जन्मात कधी भयंकर प्रसंग आला होता का? मोठा अपघात, आग, मारहाण, बलात्कार वा अन्य अत्याचार, भूकंप, पूर, युद्ध, कोणाला मारले जाताना किंवा गंभीर जखमी होताना पाहणे, जिवलगाचा खून वा आत्महत्या, असे प्रसंग तेथे उदाहरणादाखल दिलेले आहेत. उत्तर 'नाही' असेल तर कागद तेथेच संपतो. 'होय' असेल तर पुढील पाच प्रश्न. त्यांची उत्तरे गेल्या एका महिन्यापुरती द्यावयाची, तीही केवळ 'होय' किंवा 'नाही' अशी. येथे अनेकांची गफलत होते. प्रसंग वीस वर्षांपूर्वीचा असला तरी चालतो. त्रास मात्र अलीकडच्या महिन्यातील मोजावयाचा.

प्रश्न आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. पहिला असा की, त्या प्रसंगाची वाईट स्वप्ने पडतात का, किंवा नको असताना त्याचे विचार येतात का? दुसरा असा की, त्याचा विचार टाळण्याची धडपड करता का, किंवा त्याची आठवण होईल अशा जागा, माणसे, गोष्टी मुद्दाम चुकविता का? २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांनी आपल्या जिल्ह्यात जे केले, ते पाहिलेला एखादा माणूस पुढे नदीकाठचे शेतच वाट्याने देऊन टाकतो. घरच्यांना वाटते, हा आळशी झाला. कदाचित हे दुसऱ्या प्रश्नाचे 'होय' असेल. तिसरा प्रश्न सतत सावध राहण्याचा, जरा आवाज झाला की दचकण्याचा. दिवाळीच्या फटाक्यांत माजघरात जाऊन बसणारे माजी सैनिक आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. चौथा, माणसांपासून, कामांपासून, भोवतालापासून तुटल्यासारखे, मन बधिर झाल्यासारखे वाटते का? पाचवा, त्या प्रसंगाबद्दल किंवा त्यातून उद्भवलेल्या अडचणींबद्दल अपराधी वाटते का, स्वतःला वा दुसऱ्याला दोष देणे थांबविता येत नाही असे होते का?

हा पाचवा प्रश्न म्हणजेच मागाहून घातलेला प्रश्न. आमच्या मते सर्वांत महत्त्वाचाही हाच. भय सांगता येते, अपराध सांगता येत नाही. 'मी आधी म्हशी सोडायला गेलो आणि म्हातारी आत राहिली', हे वाक्य माणूस वर्षानुवर्षे पोटात ठेवतो. अत्याचार झालेली स्त्री तर दोष स्वतःकडेच घेते, कारण तिला तसे शिकविलेलेच असते. कागदावर हा प्रश्न छापलेला दिसला की तिला प्रथमच कळते, हे असे वाटणे इतरांनाही होते आणि डॉक्टरांच्या यादीत त्याला जागा आहे.

पाचांपैकी किती 'होय' आले ते मोजावयाचे. २०१६ च्या शोधनिबंधात तीनची मर्यादा धरली, कारण तीत फारसे रोगी निसटत नाहीत. २०२१ च्या पुढील अभ्यासात चारची मर्यादा एकंदरीने अधिक समतोल ठरली. परंतु स्त्रियांच्या बाबतीत चार धरल्यास बऱ्याच आजारी स्त्रिया सुटून जातात असे दिसले. हे दोन्ही अभ्यास अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेले आहेत. खानापूरच्या शेतकरणीला ते आकडे तंतोतंत लागू पडतील असे समजू नये. आम्ही दवाखान्यात सर्वांसाठी तीन धरतो. एखाद्याला विनाकारण डॉक्टरांकडे जावे लागले तर एक खेप वाया जाते. एखादा निसटला तर वर्षे जातात.

पण तीन आले म्हणजे आजार झाला, असे मुळीच नाही. हा कागद म्हणजे चाळण. समजा, शंभर जणांनी तो भरला आणि त्यांतील दहांना खरोखर आजार आहे. चाळण चांगली असून तिने दहांपैकी नऊ पकडले, असे धरू. उरलेल्या नव्वद निरोग्यांपैकी तेराही तिच्यात अडकले, असेही धरू. एकूण बावीस जणांचे तीन वा अधिक आले, आणि त्यांत खरे आजारी नऊच. म्हणजे निम्म्याहून अधिकांना हा आजार नाही. त्यांना दुसरे काही असू शकेल, विषण्णता असेल, थायरॉईड असेल, नुसता थकवा असेल. निदान डॉक्टर समोर बसून, सविस्तर विचारून करतो. ज्याचे दोनच आले पण ज्याला रात्रंदिवस त्रास आहे, त्यानेही 'मी पास झालो' म्हणून घरी बसू नये.

आता कागद देण्याची रीत. यात थोडी हयगय झाली तर कागदाने उपकाराऐवजी अपकार होतो. तो ज्याचा त्याने भरावा. सासूने सुनेचा, मुलाने बापाचा भरू नये. अक्षरओळख नसेल तर कार्यकर्त्याने वाचून दाखवावे, पण आडोशाला, इतरांना बाहेर पाठवून. बाईला बाईने विचारावे. घरातच मारहाण होत असेल तर मारणारा माणूस दारात उभा असताना हा कागद उघडूच नये. प्रसंगाची हकीकतही खोदून विचारू नये. कागदाला 'होय-नाही' पुरते, आणि तयारी नसलेल्याकडून सगळे वदवून घेणे इष्ट नव्हे. मोठ्या आपत्तीनंतर लगोलग माणसांना एकदा बसवून सर्व बोलून घ्यावे, अशी एक पद्धत पूर्वी रूढ होती. अभ्यासांती तिचा उपयोग दिसून आला नाही. पहिल्या दिवसांत अन्न, निवारा, हरवलेल्यांचा शोध आणि शांतपणे जवळ बसणे हेच काम. महिना लोटल्याखेरीज हा कागद काढू नये.

भाषेचा प्रश्न आपल्या सीमाभागात विशेष. ज्याची घरची भाषा कन्नड आहे त्याला कन्नड कागदच द्यावा आणि कन्नड जाणणाऱ्यानेच वाचावा. मराठीतही पुस्तकी शब्द फुकट जातात. नमुन्यादाखल एक संवाद देतो.

"मावशी, पुराची वाईट स्वप्नं पडतात का?"

"स्वप्न कुठलं बाई, झोपच नाही. पाऊस लागला की छाती धडधडते, तेवढंच."

"आणि तेव्हा डोळ्यांपुढं काय येतं?"

"पाणी येतं की. दुसरं काय येणार?"

पहिल्या उत्तरावर थांबणारी कार्यकर्ती 'नाही' लिहून मोकळी झाली असती. दुसऱ्या उत्तरात 'होय' आले. आपल्याकडे मनाचे दुखणे छातीत, डोक्यात, पोटात सांगतात. 'जीव घाबरा होतो', 'डोकं भणभणतं', 'अन्न गोड लागत नाही' ही त्याची भाषा आहे. तिला अज्ञान म्हणून हसू नये. अशा वेळी एक साधा प्रश्न अधिक विचारावा, मात्र उत्तर आपण पढवू नये. विचारण्याचा मोसमही पाहावा. पूरग्रस्तांना माघात विचारले तर महिना बरा गेलेला असतो; मृगाच्या पावसानंतर तोच माणूस निराळे उत्तर देईल.

दोन गोष्टी हा कागद विचारीतच नाही. एक दारू. झोप यावी म्हणून कॅन्टीनच्या रमवर विसंबणारे निवृत्त जवान कमी नाहीत, आणि घरचे लोक दारूलाच रोग समजतात. दुसरी अधिक गंभीर. जीव द्यावा असे वाटते का, हे यात कोठेच नाही. म्हणून ज्याचे तीन वा अधिक आले त्याला ते वेगळे, सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर 'होय' असेल तर त्या माणसाला एकटे घरी पाठवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांची भेट घडवावी. लहान मुलांना मात्र हा कागद देऊ नये. तो प्रौढांसाठी आहे.

पुढची सोय नसेल तर कागद वाटूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जखम उघडून पट्टी न बांधणे हा सेवाभाव नव्हे. सुदैवाने सोय आहे. धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, जिला लोक 'डिम्हान्स' म्हणतात, फार दूर नाही. माजी सैनिकांना ई.सी.एच.एस. योजनेतून उपचार मिळतात. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक अहोरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठी, कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते. मुलीच्या लग्नाच्या वेळी गोष्ट फुटेल या भीतीने जे जात नाहीत त्यांना सांगावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्याची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे.

उपचार काय, हेही लोक विचारतात. शिकलेल्या समुपदेशकापाशी आठवड्यास एक अशा साधारण आठ ते पंधरा बैठका होतात. तीत टाळलेल्या आठवणीकडे थोडे थोडे, धीराने वळावयास शिकवितात. सर्ट्रालीनसारखी औषधे काहींना देतात. त्यांचा गुण यावयास काही आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत सोडू नयेत. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या या आजारावर उपाय नव्हेत, त्यांची सवय जडते. परंतु आधीपासून घेत असल्यास एकाएकी बंदही करू नयेत, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कराव्यात.

भरलेला कागद आम्ही केसपेपरला टाचीत नाही. तो भरणाऱ्याच्याच हाती परत देतो. डॉक्टरांकडे जाताना त्याने तो बरोबर न्यावा. तोंडाने सांगणे जड गेले तर नुसता टेबलावर ठेवला तरी पुरे. ज्यांना न्यावयाचा नाही त्यांनी फाडून टाकावा. कोरे कागद मराठी व कन्नड दोन्ही भाषांत दवाखान्याच्या खिडकीपाशी ठेवलेले आहेत. ते घेण्यास नाव सांगावे लागत नाही.